कुंडीतील बे लॉरेल: वर्षभराहून अधिक काळ सांभाळल्यानंतरचा अनुभव

बे लॉरेल, म्हणजे लॉरस नोबिलिस, हे भूमध्य समुद्राच्या परिसरातील सदाहरित झाड जमिनीत मोकळे वाढू दिले तर दहा-बारा मीटर उंच होते. तरीही कुंडीत ते वर्षानुवर्षे चांगले राहते, कारण त्याची वाढ संथ असते आणि छाटणी ते सहज सोसते. तमालपत्र समजून कोणी हे रोप घेणार असेल, तर पान आधी निरखून पाहावे: तमालपत्राच्या पानात देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात, याच्या पानात मध्यशीर एकच असते.

इतक्या काळानंतर माझे ठाम मत झाले आहे की या झाडाची प्रकृती खतापेक्षा पाण्याच्या निचऱ्यावर अधिक अवलंबून असते. मुळांभोवती पाणी साचून राहिले की हवा कोंडते, मुळे कुजू लागतात आणि पाने पिवळी पडतात. अशा वेळी झाड उपाशी आहे असे समजून खत घातले, तर दुखावलेल्या मुळांवर भारच पडतो. म्हणून मी बागेची माती, कुजलेले कंपोस्ट आणि जाड वाळू यांचे मिश्रण वापरतो, मातीचा वरचा थर सुकल्यावरच तळातून निथळेपर्यंत पाणी देतो आणि बशीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकतो. अर्थात, प्रत्येक पिवळे पान आजाराचे नसते. जुनी पाने अधूनमधून गळतातच. नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र मला पसंत नाही, कारण ते हलके असते आणि वर डेरेदार झालेले झाड वाऱ्याने कलंडते. त्यासाठी मातीची जड कुंडीच योग्य.

कुंडी साधारण दोन वर्षांनी, वसंतात बदलावी आणि नवी कुंडी जुनीपेक्षा थोडीच मोठी घ्यावी. फार मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते. थंडीबाबतही कुंडीची बाजू कमकुवत आहे. तापमान उणे ५ अंशांच्या खाली गेले, तर जमिनीतील मुळांना मिळणारे संरक्षण कुंडीतील मुळांना मिळत नाही, तेव्हा कुंडी गुंडाळावी किंवा आडोशाला न्यावी.

किडींपैकी खवले कीड सर्वांत चिवट. पानांवर चिकटपणा आणि त्यावर काळी बुरशी दिसली, की पानांच्या मागच्या बाजूला मध्यशिरेलगत तपकिरी खवले शोधावेत आणि ओल्या कापडाने पुसून काढावेत. पानांच्या कडा जाड, पिवळसर होऊन आत वळल्या असतील, तर ते रस शोषणाऱ्या वेगळ्या किडीचे काम असते. तेवढी पाने तोडून टाकणे पुरते.

गोल डेरा हवा असेल, तर उन्हाळ्यात कात्रीने एकेक फांदी छाटावी. सरसकट कापणीने पाने अर्धी चिरली जातात आणि त्यांच्या कडा तपकिरी पडतात. छाटणीत निघालेली पक्व पाने मी सावलीत वाळवतो. ताज्या पानातला कडवटपणा वाळल्यावर कमी होतो आणि स्वाद अधिक सौम्य लागतो.