उपकेंद्र आणि आशाताई: गरोदरपणापासून बाळाच्या दहाव्या महिन्यापर्यंतचा अनुभव

पहिलं बाळंतपण. नाव गावच्या उपकेंद्रात नोंदवलं, प्रसूती सरकारी रुग्णालयात झाली. मुलगी आता दहाव्या महिन्यात आहे. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते आशाताईंचं घरी येणं.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाने घरी यायचं असतं. आमच्या ताईंनी एकही फेरी चुकवली नाही. आल्या की आधी साबणाने हात धुणार, मग झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, आणि बाळाच्या पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजणार. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले तर थेट दवाखाना गाठायचा, हे त्यांनी घरातल्या सगळ्यांना समजावलं. पहिल्या आठवड्यात वजन उतरलं तेव्हा सासूबाई वरचं दूध द्यायच्या विचारात होत्या. "आजी, सुरुवातीला थोडं उतरतंच, अंगावरच पाजू द्या," असं म्हणून ताई माझ्याजवळ बसल्या. बाळाची हनुवटी छातीला टेकेल असं धरायला शिकवलं. पुढच्या फेऱ्यांमध्ये काटा चढत गेला.

लसी सगळ्या मोफत. दीड महिन्याच्या डोसला पेंटा (पाच आजारांवरची एकच लस) डाव्या मांडीत, न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) उजव्या मांडीत, पोलिओ आणि रोटाचे (जुलाबावरचे) थेंब तोंडात. रात्री ताप येईल हे सिस्टरनी आधीच सांगितल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात, तेवढं थांबाच.

तक्रार आहे ती नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाची. मुलं कमी आली म्हणून आम्हाला परत पाठवलं. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात, उघडलेली कुपी 4 तासांत वापरावी लागते, उरलेली वाया जाते, हे खरं. पण एका मुलासाठीही ती उघडायलाच हवी. माझ्यासोबतच्या बायकांचा त्या दिवसाचा रोज बुडाला. ज्यांना पुन्हा सुट्टी मिळणार नाही त्यांच्या मुलांची लस राहून जाते, आणि गोवर काही थांबत नाही.

मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे 5000 रुपये हप्त्यांनी मिळतात. माझा पहिला हप्ता बराच रखडला. गरोदरपणातच बँक खातं आधारला जोडून घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. दीड वर्षाच्या बूस्टरसाठी आम्ही याच उपकेंद्रात जाणार आहोत.