'टेक्सास कायदा पॅकेज' घेऊ नका, फॉर्मचं काम मात्र द्या

5 पैकी 2 स्टार, अन् ते दोन्ही फॉर्म भरणाऱ्या ताईचे. व्हिसाचं काम करणाऱ्या त्या ऑफिसचं नाव नाही टाकत, दारव्हा-दिग्रसकडच्या ज्यांची पोरं यंदा अमेरिकेले निघाली ते बरोबर ओळखतीन.

पुतण्याले टेक्सासात एमएसले ॲडमिशन भेटली. व्हिसाच्या कामाची फी अलग, तिचं काही नाही. पण ऑफिसचे सर म्हणे तिकडं आता राज्याचे स्वतःचे कायदे आले, पोलीस रस्त्यावर धरून वापस पाठवते, आमचं 'स्टेट लॉ सेफ्टी पॅकेज' घ्या, पाच हजार. मंग मोबाईलवर अमृतसरचा तो व्हिडिओ लावला, फेब्रुवारी 2025 मधला, अमेरिकेच्या लष्कराच्या विमानातून 104 भारतीय वापस आणले होते तो, त्यातले तिघं महाराष्ट्राचे हे जोर देऊन सांगतलं. आमच्या दादाचा चेहराच उतरला, सोयाबीनचे पैसे हातात होते, तिथंच मोजून दिले. आता ते लोक चोरवाटेनं गेलेले नाहीतर मुदत संपूनही राहिलेले, अन् आपलं पोट्टं आय-20 (युनिव्हर्सिटी देते तो ॲडमिशनचा कागद) अन् व्हिसा घेऊन विमानतळावरून जाऊन रायलं, हा फरक सांगायचा कोणं?

पॅकेजमंदी काय भेटलं तं चार पानं झेरॉक्स अन् एक झूम कॉल. झेरॉक्सात 'एसबी 4' (सिनेट बिल 4, टेक्सासचा घुसखोरांले धरायचा स्वतःचा कायदा) हा मार्च 2024 पासून चालू झाला असं ठोकून दिलं. अरे बाप्पा, गव्हर्नर ॲबटनं त्याच्यावर डिसेंबर 2023 मधी सही केली, 5 मार्च 2024 पासून लागणार होता, त्याच्या आधीच फेडरल जजनं अडवला, मंग 19 मार्चले सुप्रीम कोर्टानं वाट मोकळी केली तं काही तासातच अपील कोर्टानं पुन्हा थांबवला, आपल्याकडच्या धुऱ्याच्या भांडणातला स्टे बरा. अन् त्याच्यात गुन्हा कशाचा, तं परदेशातून नेमलेला नाका सोडून टेक्सासात घुसल्याचा. ह्युस्टनले उतरून शिक्का मारून घेणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?

खरी गंमत पुढंच. एसबी 4 नावाचाच 2017 चा दुसरा एक कायदा आहे, त्याच्यानं टेक्सासातला पोलीसवाला कोणाले अडवलं तं त्याचं इमिग्रेशन स्टेटस, म्हणजे तिकडं राहायचा कागद आहे का, ते विचारू शकते. गाडी चालवणाऱ्या पोराले हेच कामाचं होतं, पण झेरॉक्सात दोघांची खिचडी करून ठेवली. कॉलवर दादानं विचारलं, पुढंमागं नोकरी लागली तं तिकडं घर घेता येईन का, तं सर म्हणे नाही, आता परदेशी माणसाले जमीन बंद. तो एसबी 17, सप्टेंबर 2025 पासूनचा, त्याच्यात नावं चीन, रशिया, इराण अन् उत्तर कोरियाची आहेत, भारत त्याच्यात कुठून आला?

अन् पॅकेजच्या यादीत 'आय-94 काढून देणे' (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) लिवलं होतं! ते पोचल्यावर सरकारी साईटवरून फुकट निघते, पासपोर्टवरची माहिती टाकली का झालं.

ताई मात्र एक नंबर. डीएस-160, म्हणजे व्हिसाचा ऑनलाईन फॉर्म, भरताना आपल्याकडच्या नावाचा घोळ तिनं बरोबर धरला, पासपोर्टवर गिव्हन नेममंदी बापाचं नाव असते, ते तसंच्या तसं टाकलं, युनिव्हर्सिटीच्या पत्रावर ते सुटलं होतं तं आधी मेल करून दुरुस्त करायले लावलं. जाता जाता तिनंच सांगतलं का 18 वर्षांवरच्या परदेशी माणसानं नोंदणीचा कागद जवळ ठेवायचा हा तिकडच्या केंद्राचा जुना नियम आहे, आय-94 ची प्रिंट बॅगेत राहू दे, अन् कायद्याची शंका आली तं युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसले विचार, ते पैसे घेत नाही. सरांच्या पाच हजारात हे एक वाक्य नव्हतं.

पैसे वापस मागतले तं म्हणे पॅकेज वापरून झालं. फॉर्मसाठी जायचं असन तं दुपारी दोननंतर जा, सकाळी सर राहते.