स्वावलंबन पोर्टल: यूडीआयडीचा अर्ज फुकट आहे, एजंटची गरज नाही

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र, आपल्याकडच्या कागदांवर ‘वैश्विक ओळखपत्र’) या दोन्हींसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर एकच अर्ज चालतो आणि त्याला फी नाही. सेवा केंद्रात अर्ज भरून घेतला तर केंद्राचा आकार द्या, पावती घ्या. ‘फाइल पुढे सरकवतो’ म्हणून जो पैसे मागतो, त्याचा पोर्टलशी काडीचा संबंध नसतो.

खरी गोची मोबाइल नंबरच्या रकान्यात होते. एजंट तिथे स्वतःचाच नंबर टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे, आणि कार्ड तयार झालं तरी डाउनलोडसाठी पुन्हा त्याच्याच दारात. तिथे अडवणूक सुरू होते. अर्ज कोणीही भरो, नंबर घरातलाच हवा आणि नोंदणी क्रमांकाची प्रिंट त्याच दिवशी हातात यायला हवी. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच लिहा.

रुग्णालय निवडताना जवळचं म्हणून टिचकी मारू नका. आपल्या प्रकाराचा तज्ज्ञ तिथे आहे का, श्रवणदोष असेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) होते का, हे आधी विचारा. नाहीतर तिथून दुसरीकडे पाठवतात आणि महिने जातात. पोर्टलचा सर्वात कच्चा दुवाही हाच. अर्ज रुग्णालयाकडे प्रलंबित आहे एवढं दिसतं, वैद्यकीय मंडळ कोणत्या वारी बसतं ते रुग्णालयाच्या खिडकीवरच कळतं. २०२४च्या सुधारित नियमांत प्रमाणपत्रासाठी ३ महिन्यांची मुदत आहे, आणि २ वर्षं निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो. म्हणून अर्ज टाकून वाट बघत बसू नये, जुने केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड घेऊन पाठपुरावा करावा.

टक्केवारीबद्दल गैरसमज फार आहेत. बहुतेक सवलतींची पायरी ४०% आहे. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर आकड्यांची सरळ बेरीज होत नाही: लहान आकड्याला, ९० मधून मोठा वजा करून आलेल्या संख्येने गुणायचं, ९० ने भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. म्हणजे ३०% आणि २०% मिळून ५० नाही, सुमारे ४३% होतात. पण ४० ची पायरी ओलांडली जाते! अर्जात एकच प्रकार लिहिला असता तर ३० वरच अडकलं असतं. म्हणून २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी जे जे लागू असतील ते सगळे नोंदवा. कार्डाचा रंगही टक्केवारीवर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० पासून निळा. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. हा हक्क फार थोडे लोक वापरतात, याचं वाईट वाटतं.

‘तपासणीशिवाय ४०% करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका. खोटं प्रमाणपत्र वापरून लाभ घेतला तर याच कायद्याच्या कलम ९१ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि कागदावर नाव लाभार्थ्याचं असतं.

दुसरा सापळा फोनवरचा. ‘कार्ड बंद होणार, केवायसी करा’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) येते. ती टाकून परवानग्या दिल्या की ती मेसेज वाचते आणि ओटीपी परस्पर पळवते. ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ म्हणणाराही फसवाच: यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. साइटच्या नावाचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असाच हवा. मध्ये कुठेतरी ‘जीओव्ही’ असून उपयोग नाही. फसलात तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधीच थोपवता येते.

कार्ड आलं म्हणून पेन्शन आपोआप सुरू होत नाही. संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाच्या दाखल्यासह वेगळा अर्ज करावा लागतो. पैसे जातात ते शेवटी ज्या खात्याला आधार सीड केलं (जोडलं) त्या खात्यात. दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडताना सीडिंग बदललं की जुनं पासबुक कोरं राहतं, पेन्शन बंद पडली असं वाटतं, आणि ‘चालू करून देतो’ म्हणणारा नेमका तेव्हाच भेटतो. आधी बँकेच्या शाखेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारून घ्या.