पावती एकाची, लेबल दुसऱ्याचं

ऑनलाइन लिलावात जुन्या वस्तू विकणाऱ्यांनी, त्यातही नागपूरकरांनी, हे जरा वाचा. माझे १७,७०० रुपये गेले. कुरिअरची गाडी निघायच्याही आधी, माझ्याच दुकानाच्या ओट्यावर गेले, हे मला दहा दिवसांनी कळलं.

मी व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचे काचेच्या दिव्यांवर चालणारे, जुने रेडिओ दुरुस्त करून विकतो. दुकान नागपूरच्या महाल भागात, वडिलांच्या हातचं. आता रस्त्यावरून गिऱ्हाईक येत नाही, मोबाइलवरून येतं. महिन्याला दोन, फार तर तीन सेट जातात. एक फुटला की तो महिना गेलाच समजा.

मे महिन्यात लाकडी कॅबिनेटचा एक मर्फी कंपनीचा रेडिओ १४,५०० ला गेला. घेणारे म्हैसूरचे एक निवृत्त प्राध्यापक. पार्सलचा खर्च प्रत्यक्ष लागेल तो तेच देणार होते. अशा सेटमध्ये व्हॉल्व्ह अजून कुठे ना कुठे मिळतात, पण डायलची काच मिळत नाही. म्हणून पॅकिंगला मी अर्धा दिवस घालवला. व्हॉल्व्ह काढून प्रत्येकाला वेगळा कापूस लावला, कोणता कुठे बसतो त्याची चिठ्ठी आत टाकली. ट्रान्सफॉर्मर जड असतो, हिसक्यानं चेसिसवरून उखडतो, म्हणून त्याच्या भोवती थर्माकोल ठोकून बसवला. काचेमागे फोम. मग खोक्यात खोकं, मधल्या जागेत लोकमतची रद्दी. बाहेरचं माप झालं ६० बाय ४५ बाय ४० सेंटीमीटर, वजन साडेनऊ किलो.

आजवर मी जीपीओत, म्हणजे शहराच्या मुख्य पोस्टात, जाऊन स्पीड पोस्टच करत आलो होतो. पण ४५ डिग्रीत ते खोकं ऑटोत घालून सिव्हिल लाइन्सला न्यायचं जिवावर आलं, आणि लिलावाच्या नियमाप्रमाणे पैसे आल्यापासून तीन दिवसांत माल निघायला हवा होता. जवळच एक बुकिंग काउंटर होतं. पाटीवर चार-पाच मोठ्या कुरिअर कंपन्यांची नावं ओळीनं. पोरगा घरी येऊन माल उचलतो म्हणाले. तो आला, हुकाचा काटा खोक्याला अडकवला, टेप लावून मापं घेतली आणि मोबाइलवर हिशेब केला. ६० गुणिले ४५ गुणिले ४०, भागिले ५,०००. म्हणजे २१.६, धरा २२ किलो.

हा हिशेब मात्र खोटा नव्हता, हे आधी सांगतो. विमानानं जाणाऱ्या मालाला जागेचं वजन लावतात, खरं वजन आणि हे, यात जे जास्त असेल त्याचे पैसे. मोठ्या पण हलक्या खोक्याला ते नेहमीच महाग पडतं. ११० रुपये किलोनं २,४२०, मालाच्या किमतीवर दोन टक्के विमा २९०, वर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून ३,२०० रोख.

"विमा खरंच होईल ना?" मी दोनदा विचारलं.

"काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? एअरनं जाऊन राहिलं, तीन दिवसात म्हैसूरले. फुटलं तर पूर्ण पैसे, आपली जबाबदारी."

पावती त्यानं स्वतःच्या पुस्तकातली फाडली. ट्रॅकिंग नंबर उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो म्हणाला. मी म्हटलं ठीक आहे. इथेच थांबायला पाहिजे होतं. ज्या कंपनीच्या नावानं पैसे घेतले तिचं लेबल त्या खोक्यावर माझ्यासमोर चिकटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नंबर आला, तो भलत्याच कंपनीचा. विचारलं तर "त्यांची-आमची टाय-अप आहे भाऊ". पार्सल चार दिवस वाडीच्या गोदामात. मग हैदराबाद, मग बंगळुरू. विमानाचं पार्सल ४४ नंबरच्या हायवेनं मुक्काम करत करत चाललं आहे हे मला दिसत होतं, तरी मी स्वतःची समजूत घालत होतो की लग्नसराई आहे, गर्दी असेल. माणूस फसल्यावर दोन-चार दिवस स्वतःच फसवणाऱ्याची वकिली करतो.

नवव्या दिवशी पोचलं. सरांनी आधी खोक्याचा फोटो पाठवला, एक कोपरा पूर्ण आत गेलेला. मग काचेचा. मग कॅबिनेटचा, सांधा उघडून तिरपा झालेला. दहाव्या दिवशी आणखी एक फोटो आला. एजंटच्या स्टिकरची कड सुटली होती, ती त्यांनी नखानं सोलून काढली, तर खाली त्या दुसऱ्या कंपनीचं खरं लेबल. पाठवणाऱ्याच्या जागी एजंटच्या काउंटरचं नाव. मोड: सरफेस, म्हणजे रस्त्यानं. मालाची किंमत: ५०० रुपये. आत काय: जुने कपडे.

माझ्या पन्नाशीतल्या मर्फीला त्यानं जुने कपडे करून टाकलं होतं. कपडे म्हटल्यावर गोदामात कोण कशाला जपून ठेवेल?

त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण त्यांच्या संगणकावर मी कुठेच नव्हतो. "सर, आमचे कस्टमर ते आहेत, तुम्ही नाही. आणि व्हॅल्यू पाचशे लिहिली आहे." तेवढ्या मापाचं खोकं सरफेसनं म्हैसूरला किती, ते विचारलं, तर ९०० आणि काही. उरलेले कोणाच्या खिशात गेले ते सांगायला नको.

मग काउंटरवर. तोच पोरगा, आणि आता मालकही. मालकाने पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरात छापलेलं: ओनर्स रिस्क, म्हणजे जोखीम माल पाठवणाऱ्याची, भरपाई जास्तीत जास्त १०० रुपये. मी म्हटलं, मग विम्याचे २९० कशाचे? "ते हँडलिंगचे." पावतीवर त्याच्याच अक्षरात 'इन्शु.' लिहिलेलं होतं. पॉलिसी नाही, सर्टिफिकेट नाही, नंबर नाही. घरी येऊन पावतीवरचा जीएसटीचा नंबर पाहिला. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. यावर मोजून १४. सरकारी पोर्टलवर कोणीही फुकट तपासू शकतो, मी पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढली असती तर पोराला तिथूनच परत पाठवला असता.

सरांना १४,५०० आणि ३,२०० दोन्ही परत केले. त्यांनी मागितले नव्हते, उलट अर्धं-अर्धं वाटून घेऊ म्हणाले. पण लिलावात आपलं नाव हेच भांडवल. सेट परत पाठवू का विचारलं, तर म्हणाले, "नको, पुन्हा तोच प्रवास त्याला कशाला?"

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. काउंटरकडून उत्तर आलं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ओळखीच्या वकिलांनी एक गोष्ट आवर्जून लिहायला लावली: मी हे काम स्वतः हातानं, पोटासाठी करतो. नाहीतर समोरचा म्हणतो की हा व्यापारी, धंद्यासाठी सेवा घेतली, हा ग्राहकच नाही. सरांनी लेबलचे फोटो काढून ठेवले नसते तर माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त ती पावती होती, आणि तिच्यात मीच हरलो असतो.

आता मी पुन्हा जीपीओत जातो, नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसात. पोस्ट म्हणजे सगळं सुरक्षित असंही नाही. विमा न करता स्पीड पोस्ट केलं तर हरवल्या-फुटल्याची भरपाई हजाराच्या वर जात नाही, म्हणून विमा वेगळा मागून घेतो आणि पावतीवर रक्कम आलेली पाहूनच खिडकी सोडतो. लेबल चिकटलं की त्याचा फोटो काढतो, किंमत आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचता येईल असा, आणि खिडकीसमोरूनच घेणाऱ्याला पाठवतो. मागच्या वेळी खिडकीवरचा माणूस वैतागला, "अहो, मागे रांग आहे." मी म्हटलं, एक मिनिट, फोटो हलला, परत काढतो.