मोटरसायकलचं एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) बंद करायचं: फ्यूज काढून की स्विच लावून?

कोल्हापूरजवळच्या दाजीपूरकडच्या जांभ्याच्या सुट्या खडीवर उतार लागला की एबीएस मागचं चाक लॉक होऊ देत नाही. ब्रेक दाबूनही गाडी पुढंच सरकते.

फ्यूज काढणं फुकट. सीट उघडायची, झाकणावरचं चित्र बघून चिमट्यानं ओढायचा. पण डांबरावर आल्यावर तो खिशातच राहतो, एबीएस बंदच, आणि पुढं ट्रॉलीतून सांडलेला ऊस!

स्विचचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं, पण वायर कुठली तोडतात ते उभं राहून बघा. पंपाच्या मोटरची जाड वायर नको, त्या करंटनं छोट्या स्विचचे पॉइंट जळतात. एबीएस युनिटला इग्निशनवरून येणारी बारीक वायर पाच पिनी रिलेच्या (विजेवर चालणारा स्विच) 30 आणि 87ए या पिनांमधून न्यायची; रिलेला वीज नसताना त्या जोडलेल्याच असतात. मग स्विच मेला तरी एबीएस चालूच राहतं. नुसती टेप गुंडाळलेला जोड आपल्या पावसात टिकत नाही. सोल्डर आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) हवंच. स्विच दाबायचा तो गाडी थांबवून.

दोन्हींत पुढच्या चाकाचंही एबीएस जातं. रॉयल एनफिल्ड हिमालयनचा कंपनीचा स्विच फक्त मागचं एबीएस बंद करतो, ते खरं शहाणपण. वॉरंटी आणि विम्याचा वाद फ्यूजला कमी, कापलेल्या वायरीला जास्त. वर्षातून दोनदा अशा खडीवर जाणाऱ्यानं फ्यूजच काढावा.