डीप वॉटर टर्बिडाइट वर्कशॉप, बडोदा: जिऑलॉजीवाल्यांनी नक्की करा

अलकापुरीत एका छोट्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शनिवार-रविवारी टर्बिडाइट रिझर्वॉयरचं (म्हणजे गढूळ प्रवाहाने खोल समुद्रात नेऊन टाकलेल्या वाळूतले तेल-वायूचे साठे) वर्कशॉप होतं ते करून आलो. पाचपैकी चार स्टार.

आपण बडोदेकर जिऑलॉजीवाले बहुतेक कॅम्बे बेसिनवर (खंभातकडचं तेल-वायूचं क्षेत्र) वाढलेले, अंकलेश्वरचे डेल्टातले सँड (नदीच्या मुखाशी साचलेली वाळू) डोक्यात पक्के, त्यामुळे हजार मीटर पाण्याखाली, किनाऱ्यापासून एवढ्या लांब जाडजूड वाळू पोचते कशी हा प्रश्न मला कॉलेजपासून छळायचा. सरांनी तिथूनच सुरुवात केली. काचेची लांब टाकी, तळ उताराला लावलेला, वरून वाळू-चिखलाचं गढूळ पाणी सोडलं आणि ते जड असल्यामुळे वरच्या स्वच्छ पाण्यात फारसं न मिसळता तळाला धरून सरसर खाली गेलं. मग 1929 चा ग्रँड बँक्सचा (कॅनडाजवळच्या अटलांटिकमधला) भूकंप सांगितला. तिथे समुद्रतळाच्या काही टेलिग्राफ केबल भूकंपाबरोबर तुटल्या पण पुढच्या उताराच्या दिशेने एकामागून एक तुटत गेल्या, शेवटची तर 13 तासांनी, आणि यामागे असाच प्रवाह होता हे हीझन आणि युइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी 1952 मध्ये मांडलं. टाकी बघून लगेच हे ऐकलं की खरंच अंगावर काटा येतो.

बाउमा सिक्वेन्स (अशा एका प्रवाहातून साचणाऱ्या पाच थरांचा ठरलेला क्रम) परीक्षेसाठी सगळ्यांनीच पाठ केलेला असतो, इथे कोअरच्या (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दांड्याच्या) फोटोंवर शिकवला. पाचही थर एकत्र क्वचितच सापडतात. चॅनलच्या (प्रवाह वाहतो त्या वाटेच्या) मध्यभागी नुसती जाड वाळू एकावर एक, आणि बाजूच्या लेव्हीवर (काठच्या बांधावर) बोटभर वाळू बोटभर शेल (चिखलाचा खडक). या पातळ थरांवर रेझिस्टिव्हिटी लॉग (खडक विजेला किती विरोध करतो याची विहिरीतली नोंद) दोघांची सरासरी दाखवतो, आकडा कमी दिसतो आणि चांगला पे झोन (तेल-वायूचा थर) पाणी समजून सोडला जातो. मड लॉगिंगवाल्यांनी (ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर वर येणारं तपासणाऱ्यांनी) हा भाग अजिबात चुकवू नका, गॅस शो (त्या चिखलात दिसलेला गॅस) आणि लॉग जुळत नसतील तर थांबून बघायचं हे इथे मनात पक्कं झालं.

सगळ्यात भारी रविवारची एक्सरसाइज. सिस्मिकचा अँप्लिट्यूड मॅप (जमिनीखालून परतणाऱ्या लहरी कुठे किती जोरदार याचा नकाशा), दोन चॅनल सारखेच चमकतायत, दुसरी विहीर कुठे टाकाल? आमच्या टेबलावर जाम वाद झाले. मग प्रेशर डेटा दिला तर दोन्ही चॅनलच्या मधे शेलचा पडदा, आपसात काही संबंधच नाही!! चमक म्हणजे कनेक्शन नव्हे. लोबची (चॅनलच्या टोकाला पंख्यासारख्या पसरलेल्या भागाची) वाळू पसरट, लांबवर सलग असते, चॅनलची तशी नसते, म्हणून आधी ओळखायचं आपण कुठे आहोत ते, आणि सिस्मिकला दिसत नाही तेवढं बारीक स्पेनमधलं आइन्सा, दक्षिण आफ्रिकेतलं टँक्वा कारू अशा उघड्या खडकांवरून ठरवायचं. केजी (कृष्णा-गोदावरी) बेसिनच्या डी-1, डी-3 या खोल समुद्रातल्या गॅस फील्डची चर्चाही झाली, एप्रिल 2009 ला गॅस सुरू, 2010 नंतर उत्पादन घसरत गेलं, 2020 मध्ये बंद. हे आपल्याच देशातलं, यावर अख्खा दिवस द्यायला हवा होता, मिळाला जेमतेम तासभर.

एक स्टार कापला तो खऱ्या कोअरसाठी. फोटो कितीही चांगला असला तरी ग्रेन साइज बोटालाच कळतो. फी विद्यार्थ्यांना जड जाईल, सवलत मिळते का आधी विचारा. जेवणाच्या सुट्टीत सेव उसळ खायला लांब जाऊ नका, दुपारचं सेशन वेळेवर सुरू होतं आणि लॉगचा भाग तेव्हाच असतो.