पुतण्याच्या पासिंग आउट परेडला जायच्या आधीच आमचे ३६,७०२ रुपये गेले, ते कसे ते वाचा

आधीच सांगतो, मी पतसंस्थेत नोकरीला आहे, एकवीस वर्षं झाली. आमच्या काउंटरच्या काचेवर "ओटीपी कोणालाही सांगू नका" हा कागद मीच चिकटवलाय. आणि ज्यानं आम्हाला गंडवलं त्यानं माझ्याकडं ओटीपी मागितलाच नाही, एकदाही नाही. म्हणून लिहितोय. आयएमएची, म्हणजे डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीची परेड दर जूनला आणि डिसेंबरला असते, आपल्या सातारा कोल्हापूर सांगली भागातून दर वेळी घरंच्या घरं डेहराडूनला निघतात, त्यातलं एखादं जरी वाचलं तरी माझी लाज भरून निघाली असं समजेन.

पुतण्या सैनिक स्कूलचा, मग खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं, मग डेहराडूनला एक वर्ष. खडकवासल्याची परेड आम्हाला सोपी गेली होती, रात्री दोनला साताऱ्यातून गाड्या काढल्या आणि दुपारी जेवायला घरी परत. डेहराडूनचं तसं नाही ना. ती शेवटची परेड. चेटवुड इमारतीसमोर ड्रिल स्क्वेअरवर परेड होते, शेवटी पोरं स्लो मार्च करत त्या इमारतीच्या पायऱ्या चढून आत जातात, त्याला 'अंतिम पग' म्हणतात, तो ओलांडला की पोरगा कॅडेट राहिला नाही, लेफ्टनंट झाला. आणि त्यानंतर पिपिंग, म्हणजे आईबापानं स्वतःच्या हातानं खांद्यावर स्टार लावायचे. वहिनींनी या दिवसासाठी ऑगस्टमध्येच साडी घेऊन ठेवलेली, दादा दिवसातनं दोनदा मोबाईलवर डेहराडूनचं तापमान बघायचा. घरात दुसरा विषयच नव्हता.

पुतण्यानं फोनवर सांगितलं होतं की आई, बाबा, आजी आणि छोटी अशी चार नावं दिलीत, "बाकीच्यांचं जमतंय का बघतो". बाकीचे म्हणजे मी, माझी बायको आणि आमची ताई. त्या "बघतो" वर आम्ही सातही जणांची तिकिटं काढली. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधीच उघडतं, त्यामुळं ऑक्टोबरात सकाळी आठला मोबाईल घेऊन बसलो, गोवा एक्सप्रेस साताऱ्यातनंच मिळते ती निजामुद्दीनपर्यंत, पुढं दिल्लीहून डेहराडून. तिकिटं झाली, मी खूश, राहायचं बघू निवांत म्हणलं. इथंच चुकलं. परेडच्या आठवड्यात चक्राता रोडच्या आजूबाजूला, प्रेमनगर, बल्लूपूर चौक, कुठंच खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव असा सांगतात की माणूस फोन ठेवून पाणी पितो. ज्यांना माहीत असतं ते पालक कितीतरी महिने आधी बुक करून बसलेले असतात.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी मॅपवर अकॅडमीजवळचं गेस्ट हाऊस शोधत होतो. एक सापडलं, नावात आर्मी, चांगले स्टार, चाळीसेक लोकांनी कौतुक लिहिलेलं, फोटोत पांढरा बंगला, अंगणात लिचीचं झाड आणि झाडाखाली पांढरी इनोव्हा. फोन लावला. "जय हिंद सर." बस्स, तिथंच अर्धा गार झालो मी. म्हणाला रिटायर्ड सुभेदार आहे, खास कॅडेटच्या पेरेंट्ससाठीच हे चालवतो, बाहेरच्यांना देत नाही. मागं कुठंतरी बँड वाजत होता, मला वाटलं अकॅडमी अगदी शेजारी असणार, प्रॅक्टिस चालू असेल. आता वाटतं दुसऱ्या मोबाईलवर लावला असेल हरामखोरानं.

तीन खोल्या, तीन रात्री, खोलीला २,२०० रुपये. बाकी सगळे चार-पाच हजाराच्या खाली बोलत नव्हते आणि हा माणूस २,२०० म्हणतोय, तरी मला शंका आली नाही, उलट वाटलं की फौजी माणूस आहे, लुटत नाही. १९,८०० चे निम्मे ९,९०० ॲडव्हान्स पाठवले. पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुणा बाईचं, आडनाव पण वेगळंच. विचारलं तर म्हणाला "मैडम अकाउंट्स देखती हैं". आमच्या काउंटरवर कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला खुर्चीत बसवून अर्धा तास समजावलं असतं. स्वतःच्या वेळी मात्र पिन टाकून मोकळा.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. कितने लोग आ रहे हैं सर, पास कितने हैं. मी भाबडा, सगळं सांगितलं, सात जण आहोत, नावं चारच गेलीत. मग तो थोडा गप्प राहिला, म्हणाला अवघड आहे, पण आपल्या युनिटचा एक जण तिथं ड्यूटीवर आहे, तीन पास होतील. पासचे पैसे नाहीत सर, फक्त सिक्युरिटी डिपॉझिट, एकाचे दीड हजार, परेड झाली की पास परत द्या पैसे परत घ्या. आणि गाडी आत न्यायची तर व्हेइकल पास, २,५००, तेही रिफंडेबल. आणि मग ते वाक्य, ज्याच्यामुळं आम्ही बुडालो: "सर, बच्चे को फोन करके परेशान मत कीजिए, आखिरी हफ्ते हैं, ध्यान भटक गया तो रेलिगेट हो जाएगा."

ज्यांच्या घरात कॅडेट आहे त्यांना हा शब्द माहिती असतो. रेलिगेट म्हणजे पोरगं एक टर्म मागं, सोबतचे सगळे पास आउट होणार आणि हा पुन्हा तिथंच. वहिनींच्या समोर हा शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. दादाला सांगितलं तर तो म्हणाला बरोबर आहे त्यांचं, त्याला काही कळवू नका, आपण परस्पर करू, तिथं गेल्यावर सरप्राइज देऊ. म्हणजे ज्या एका पोराला सगळं खरं माहिती होतं त्यालाच आम्ही विचारलं नाही, आणि हे आम्हीच ठरवलं, शहाणपणा समजून. आयएमएत पालकांसाठी जे काही असतं, बोलावणं, नावं, पास, गाडीचं, ते पोराच्या मार्फतच येतं. मधे तिसरा माणूस नसतोच. हे आज मी असं बोलतोय जसं काही जन्मल्यापासून ठाऊक होतं.

४,५०० आणि २,५०० गेले. मग गेट पाससाठी म्हणून सातही जणांचं आधार, पुढून मागून, आणि कॅडेटचं पूर्ण नाव, कंपनी, बटालियन, नंबर. पाठवलं सगळं. आईचं आधार जुनं पुसट झालेलं म्हणून परत उजेडात फोटो काढून पाठवला, एवढी काळजी.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा डाव. म्हणाला सर, तुमचं ॲडव्हान्स सिस्टीममध्ये अडकलंय, आर्मीच्या अकाउंटला कोड लागतो, ९,९०० नाही ९,९०१ पाठवायचे होते, तो एक रुपया म्हणजे कोड. आता ९,९०१ पाठवा, जुने ९,९०० दहा मिनिटांत परत येतील. पाठवले. आले नाहीत. म्हणाला अरे सर, तुम्ही दोन मिनिटं उशीर केला, परत एकदा, या वेळी दोन्ही एकदम येतील. आणि मी परत पाठवले. का पाठवले याला माझ्याकडं उत्तर नाही, बायको अजून विचारते. आधीचे अडकलेत ते सोडवायला म्हणून नवे टाकायचे, जुगारात माणूस हेच करतो. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा खात्यात तेवढे नव्हते, म्हणून थांबलो, शहाणपण सुचलं म्हणून नाही.

रविवारी रात्री पुतण्याचा फोन आला आणि ताईच्या तोंडून गेलं, "अरे आमचे पण पास झाले बरं का!" पलीकडं शांतता. मग म्हणाला, "काका, पास विकत मिळतात होय?" मी डिपॉझिट वगैरे सांगायला लागलो तर म्हणाला, "आणि माझी कंपनी, नंबर, सगळं दिलं तुम्ही? अनोळखी माणसाला? फोनवर?" आवाज चढवला नाही त्यानं, पण मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय आणि त्या रात्री मला त्याच्यासमोर, म्हणजे फोनवर का होईना, मान वर करता येईना. पैशाबद्दल एक शब्द बोलला नाही. त्यानं लगेच वर सांगितलं, जे सांगायला पाहिजे ते, आणि आम्हाला म्हणाला आधी १९३० ला फोन करा, रडत नंतर बसा.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, सगळ्या देशाला एकच. लागायला वेळ लागला पण लागला. तिथं कथा सांगत बसू नका, ते विचारतात कधी, किती, कुठून कुठं, आणि व्यवहाराचा यूटीआर, तो बारा आकडी नंबर यूपीआयच्या प्रत्येक पेमेंटखाली असतो, तो हाताशी ठेवा. तक्रार जेवढी लवकर तेवढं पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त, कारण हे लोक एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात तासाभरात फिरवतात. आम्ही शनिवार रात्र आणि अख्खा रविवार त्या भामट्याच्या "कल सुबह आ जाएगा सर" वर काढला. पाच पेमेंटपैकी फक्त शेवटचे ९,९०१ कुठल्यातरी खात्यात होल्ड झालेत असं कळलं, ते अजून हातात आलेले नाहीत, कागद फिरतायत.

पैशापेक्षा आधारचा घोर जास्त लागला. सगळ्यांचं बायोमेट्रिक आधारच्या ॲपमधून लॉक केलं. मग संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन प्रत्येकाच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघितलं, आईच्या नावावर एक असं निघालं की जे घरात कुणीच घेतलेलं नाही. याच भानगडीतलं का जुनं कुणीतरी काढलेलं हे कळलं नाही, 'माझा नंबर नाही' करून टाकलं. आणि हो, कुणाला आधार द्यायचीच वेळ आली तर मास्क्ड आधार म्हणून मिळतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ते द्या. हे मला माहिती होतं. आमच्या पतसंस्थेत त्याचाही कागद लावलाय.

नंतर दादाला आठवलं की पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तो त्यानं म्यूट करून ठेवलेला कारण सारखे गुड मॉर्निंग येतात. तिथं दहा दिवसांपूर्वी नागपूरकडच्या एका बाईंनी त्याच बंगल्याचा फोटो टाकून लिहिलेलं होतं, इथं पैसे भरू नका. दहा दिवसांपूर्वी! दादा त्या दिवशी जेवला नाही.

खोल्या शेवटी बसस्टँडकडच्या बाजूला मिळाल्या, अकॅडमीपासून लांब, महाग, गिझर दोन वेळा बंद पडला, पण खऱ्या होत्या. या वेळी रिसेप्शनवाल्याला आधी व्हिडिओ कॉल लावून खोली दाखवायला लावली, आणि डेहराडूनला ओळखीच्यांचा एक मुलगा शिकतो त्याला प्रत्यक्ष पाठवून बघून यायला सांगितलं, मगच एका रात्रीचे भरले. परेडच्या दिवशी चक्राता रोडवरची वाहतूक वळवतात, त्यामुळं ते चौघं अंधारातच निघाले, आईला दोन स्वेटर आणि वरनं शाल. आम्ही तिघं खोलीवर. पुतण्यानं प्रयत्न केला होता, नाही जमलं. बातम्यांच्या चॅनलवर जेवढं दाखवलं तेवढं बघितलं, सगळी पोरं लांबून सारखीच दिसतात, ताई मात्र प्रत्येक रांगेत "तो बघ, तो बघ" करत होती.

दुपारी तो आला, खांद्यावर दोन दोन स्टार. आधी आजीच्या पाया पडला होताच, मग ताईच्या, माझ्या. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाला, "काका, सोडा आता." आणि माझ्याच ताटातली पुरी उचलून खाल्ली.

परत आल्यावर मी त्या गेस्ट हाऊसची मॅपवर तक्रार केली, पुतण्यानं केली, ग्रुपवरच्या बऱ्याच जणांनी केली, तेव्हा कुठं ते नाव गेलं. जूनची परेड जवळ आलीय म्हणून परवा सहज शोधलं. नाव वेगळं आहे, नंबर वेगळा आहे. लिचीचं झाड तेच, पांढरी इनोव्हा तीच.